जुन्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याचा बेलोज: गोव्याच्या दमट हवेत सफाई आणि दुरुस्ती

चवथीची साफसफाई सुरू झाली की गोव्यात माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. एखाद्या घरी त्यातून जुन्या स्टुडिओतला हाफ-प्लेट (मोठ्या काचेवर किंवा फिल्मवर चित्र घेणारा) लाकडी कॅमेरा निघतो. बेलोजवर, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या काळ्या भात्यावर, पांढरी बुरशी, कोपरे झिजलेले, चामडं कोरडं ठाक. मग लगेच ओला फडका फिरतो, त्यावर खोबरेल तेल चोळलं जातं आणि भोकं दिसली की काळा रंग फासला जातो. पाऊस सरेपर्यंत घड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि पहिल्याच निगेटिव्हवर धुरकट पट्टा उमटतो.

या प्रत्येक गोष्टीची वेळ चुकलेली असते, क्रम चुकलेला असतो. तेल लागलेल्या चामड्याला कुठलाही गोंद धरत नाही. रंग फासल्यावर भोक नेमकं कुठे होतं ते सापडत नाही. ओलाव्याने बुरशी निघत नाही, पसरते. म्हणून क्रम असा ठेवा: कोरडी सफाई, गळतीचा शोध, जोडकाम, पुन्हा तपासणी, आणि चामडं मऊ करणारं जे काही असेल ते सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी

वेळ आधी ठरवा. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. हवेतच एवढं पाणी असतं की गोंद नीट सुकत नाही आणि पुसलेली बुरशी आठवड्याभरात परत येते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. कॅमेरा पावसात सापडलाच तर बुरशी कोरड्या ब्रशने झटका, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि थांबा.

मग बेलोज कशाचा आहे ते ओळखा, कारण पुढचं निम्मं काम त्यावर ठरतं. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा बाहेरून पातळ चामडं, आत काळं सुती अस्तर आणि दोहोंच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. घडी ताठ राहते ती या पट्ट्यांमुळे. नंतरच्या किंवा एकदा बदललेल्या बेलोजला बाहेरून रेक्झिन किंवा रबर चढवलेलं कापड असतं. चौकटीजवळच्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा अगदी बारीक थेंब टेकवा. चामड्यात तो हळूहळू मुरतो आणि डाग गडद होतो, रेक्झिनवर तसाच बसून राहतो. चामड्यावर जुनं पॉलिश असेल तर थेंब तिथेही टिकतो, तेव्हा एखाद्या फाटक्या काठाकडेही पाहा. कापडाचे उभे-आडवे धागे दिसले तर रेक्झिन, तंतूंचा गुंता दिसला तर चामडं.

बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी हाताला लागत असेल तर चामडं आतून कुजलं आहे. तेल, मेण, कंडिशनर यांतल्या कशानेही ते सुधारत नाही. अशा बेलोजसाठी थेट शेवटचा भाग वाचा.

सामान फारसं लागत नाही:

- मऊ रुंद ब्रश, हातपंपाचा ब्लोअर, कापसाच्या काड्या
- एन-९५ मास्क
- औषधांच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट
- लहान एलईडी टॉर्च आणि पांढरा दोरा
- काळं, घट्ट विणीचं पातळ कापड
- सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन
- काळा फॅब्रिक कलर, थोडा पांढरा फेविकॉल
- बटर पेपर आणि कपडे वाळवायचे लाकडी चिमटे

कापडाबद्दल थोडं सविस्तर. छत्रीचं काळं कापड चांगलं, कारण ते पातळ आणि दाट विणीचं असतं. पण एकेरी कापडातून प्रकाश थोडाफार येतोच. दुकानात ते मोबाईलच्या टॉर्चवर धरून पाहा. उजेड अंधूक दिसला तर चालेल, कारण मागे काळ्या फॅब्रिक कलरचा थर येणारच आहे. टिपके टिपके दिसत असतील तर ते कापड सोडा. चामड्याचंच ठिगळ हवं असेल तर ते बाजूंनी तासून कागदाइतकं पातळ करावं लागतं. बाजाच्या पेटीचा (हार्मोनियमचा) भाता दुरुस्त करणाऱ्यांकडे असं कातडं आणि ते तासणारा हात दोन्ही असतात, आणि गोव्यात भजनी पेट्यांमुळे असे कारागीर अजून भेटतात. मात्र त्यांना भात्यातून हवा जाऊ द्यायची नसते आणि तुम्हाला प्रकाश. कातडं काळं आणि त्यांच्या नेहमीच्या जाडीपेक्षा पातळ हवं, हे आधीच सांगा.

सावधान: पुढच्या वस्तू कामाच्या टेबलावर आणूच नका. इन्शुलेशन टेपचा गोंद इथल्या उन्हाळ्यात वितळून घड्यांत उतरतो. फेविक्विक काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या शेजारीच नवी चीर पडते. एम-सील आणि ऑइल पेंट घडीवर तडकतात. थिनर आणि रॉकेल रेक्झिनला आखडवतात. हँड सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि जेल असतं, त्याचा चिकट थर मागे राहतो.

टप्पा १: कॅमेरा मोकळा करणं

लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली फळी) आणि ग्राउंड ग्लासची (चित्र जुळवायच्या दुधी काचेची) मागची चौकट काढून वेगळ्या खोलीत ठेवा. बुरशीचे कण लेन्सवर बसायला नकोत. बेलोज कॅमेऱ्यापासून सुटा करण्याची घाई नको. बहुतेक दुरुस्ती तो जागेवर असतानाच होते, आणि चौकटीला सरसाने चिकटवलेला बेलोज ओढून काढताना काठच फाटतो.

स्क्रू काढायचेच असतील तर खाचेत घट्ट बसणारा पेचकस घ्या. पितळी स्क्रूची खाच एकदा बुजली की संपलं. अडलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक काही सेकंद टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. गंज सोडवणारे तेलकट स्प्रे मारू नका, ते लाकडात आणि तिथून चामड्यात पसरतात. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्याच्या जागेवर टेपने चिकटवा. जुन्या कॅमेऱ्यात दोन शेजारचे स्क्रूही लांबीने वेगळे असू शकतात.

आता बेलोज हळूहळू उघडा. वर्षानुवर्षं मिटलेला असेल तर एका दिवसात पूर्ण ताणू नका. आज अर्धा, उद्या पाऊण, परवा पूर्ण. एखादी घडी चिकटलेली असेल तर ओढू नका, मधे बटर पेपरची पट्टी बाजूने हळूच सरकवत न्या.

टप्पा २: कोरडी सफाई

हे काम घराबाहेर, सावलीत. बाल्कनी किंवा मागची पडवी चालेल. मास्क लावा. वारा तुमच्या पाठीकडून येईल असे उभे राहा.

वरच्या घडीपासून सुरुवात करून ब्रश नेहमी बाहेरच्या दिशेने फिरवा. प्रत्येक घडीच्या खोल बाजूत ब्लोअर मारा, तिथे धूळ आणि बुरशी एकत्र साचते. मग आतून तेच. आतली धूळच फिल्मवर पडून प्रिंटवर काळे ठिपके देते, तरी बहुतेक जण बेलोज आतून झटकायचाच विसरतात. व्हॅक्यूम वापरायचा असेल तर सगळ्यात कमी ताकदीवर, तोंडाला पातळ कापड बांधून. सैल झालेलं अस्तर त्यात ओढलं जाऊ नये.

बुरशीचे डाग उरले तर कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवा, पिळून जवळजवळ कोरडी करा आणि डागापुरती फिरवा. आधी लपलेल्या कोपऱ्यात करून पाहा. काडी काळी झाली तर चामड्याचा रंगच निघतोय. तिथे स्पिरिट थांबवा आणि कोरड्या ब्रशवर भागवा. डागाची सावली राहिली तरी चालते. जिवंत बुरशी गेली पाहिजे.

रेक्झिन असेल तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड चालतं. चामड्याला पाणी नको.

सावधान: बुरशी मरावी म्हणून बेलोज दुपारच्या उन्हात टांगू नका. चामडं तासाभरात आखडतं आणि घड्यांच्या धारेवर चिरा पडतात. सावलीत, वाहत्या हवेत, एक दिवस पुरेसा.

टप्पा ३: गळती शोधणं

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. इथे दिलेला तास पुढचे चार तास वाचवतो.

रात्री करा. खोलीत पूर्ण अंधार हवा: राऊटरचे, चार्जरचे दिवेसुद्धा झाका. लेन्सच्या भोकावर पुठ्ठा लावा. बेलोज पूर्ण ताणा, एलईडी टॉर्च आत घाला आणि मागची बाजू जाड काळ्या कापडाने बंद करा. मग काही न पाहता दहा मिनिटं बसा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय बारीक भोकं दिसत नाहीत, आणि लोक नेमके इथेच घाई करतात.

आता एका बाजूने सुरुवात करा. दोन प्रकारचा उजेड दिसेल. झिजलेल्या चामड्यातून येणारा उजेड तांबूस, मंद आणि पसरट असतो. तिथे भोक नाही, पण थर विरळ झालाय. खरं भोक पांढरं आणि टोकदार दिसतं, डोकं हलवलं की लुकलुकतं, कारण ते एका विशिष्ट कोनातूनच दिसतं. म्हणून प्रत्येक कोपऱ्याकडे वरून, खालून आणि तिरपं असं पाहा. बहुतेक भोकं घडीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्याच्या अगदी टोकावर सापडतात. उघडझाप होताना कापड तिथे चारही बाजूंनी मुडपलं जातं. दिवसा तीच जागा पाहिली तर काळा रंग उडून राखाडी विणीचे धागे दिसतील, आणि त्यातला एखादा तुटलेला असेल.

प्रत्येक भोकाजवळ पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा घडीत अडकवा. शिवाय वहीत लिहा: पुढून पाचवी घडी, उजवा वरचा कोपरा. टॉर्च आत हलवत राहा, कारण एका जागी ठेवला तर काही कोपरे स्वतःच्याच सावलीत राहतात.

मग बेलोज अर्धा मिटा आणि पुन्हा पाहा. काही चिरा ताणल्यावर बंद होतात आणि मिटल्यावर उघडतात. पुढची चौकट वर-खाली सरकत असेल तर तीही सरकवून बघा.

शेवटी पुढची आणि मागची चौकट. बेलोज लाकडाला जिथे चिकटलेला असतो तिथला जुना सरस दमट हवेत नरम पडतो आणि काठ सुटतात. अशी लांब बारीक फट भोकापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश आत सोडते, पण सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यांवर असल्यामुळे ती सुटून जाते.

तपासणी: दुसऱ्या दिवशी उलटी चाचणी करा. कॅमेरा उन्हात ठेवा, पुढची बाजू बंद, मागून काळ्या कापडात डोकं घालून आत पाहा. इथेही डोळ्यांना पाच-दहा मिनिटं द्या. आतून दिसलेली जागा वहीत नसेल तर लिहा.

टप्पा ४: सुटलेल्या पट्ट्या आणि चौकटीचे काठ

भोकं बुजवण्याआधी सांगाडा पक्का करा. आतली पुठ्ठ्याची पट्टी सैल झालेली असेल तर घडी भलत्याच जागी मुडपते, आणि तुम्ही लावलेलं ठिगळ पुढच्या महिन्यात त्याच जागी फाटतं.

अस्तर जिथे सुटलंय तिथून, सुई नसलेल्या सिरिंजने, पट्टीखाली फेविकॉलची पातळ रेघ सोडा. बोटाने दाबा, जादा निघालेला पुसा. दोन्ही बाजूंनी बटर पेपर ठेवून घडी मूळ रेषेवर मिटा आणि चिमटे लावा. चिमट्याचा दाब हलका हवा, चामड्यावर ठसा उमटता कामा नये. रात्रभर तसंच राहू द्या.

चौकटीचे काठ चिकटवताना आधी जुना सरस काढा. कोमट पाण्यात पिळलेलं कापड लाकडावर दोन-तीन मिनिटं टेकवलं की तो मऊ होतो. लाकडी पट्टीने खरवडा आणि एक दिवस सुकू द्या. मग लाकडाला आणि काठाला पातळ फेविकॉल लावून चिकटवा. चौकटीच्या आणि बेलोजच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू खडूने आधीच जुळवून ठेवा. बेलोज एका बाजूला जरासा पिळलेला चिकटला तर उघडताना कायम तिरका ताण येतो.

टप्पा ५: बारीक भोकं

फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांसाठी. दोन भाग काळा फॅब्रिक कलर आणि एक भाग फेविकॉल एकत्र करा. सायीइतकं घट्ट असू द्या, पाणी थेंबभरच. बारीक ब्रशने बाहेरून भोकापुरता ठिपका द्या. तो पूर्ण सुकला की दुसरा. एकच जाड ठिपका दिला तर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि पुढे तडकतो.

बाहेरून का? फेविकॉल मिसळलेला रंग सुकल्यावर थोडा चमकतो. बेलोजच्या आत चमक आली की प्रकाश तिच्यावरून परतून फिल्मवर पडतो आणि चित्राचा काळेपणा फिका होतो. आतलं अस्तर विरळ झालं असेल तर तिथे फेविकॉल न घालता नुसता फॅब्रिक कलर पातळ करून द्या, तो मॅट सुकतो.

गोव्यासाठी खास काळजी ही: फेविकॉल पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरतो आणि चिकट होतो. म्हणून त्याचं प्रमाण वाढवू नका, आणि रंग दिल्यावर दोन पूर्ण दिवस बेलोज उघडाच ठेवा. मग रंगाच्या जागेवर किंचित टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा. ही पावडर फक्त बाहेरून, आत गेली तर तीच धूळ होऊन फिल्मवर बसते.

टप्पा ६: फाटलेले कोपरे आणि चिरा

इथे जाडी सांभाळायची. ठिगळ कोपऱ्यावरून वळतं, म्हणजे मिटल्यावर प्रत्येक घडीत त्याची जाडी दोनदा धरली जाते. कापड आणि गोंद मिळून ०.२ मिलिमीटर धरा. सोळा घड्यांच्या एका बाजूच्या सगळ्या कोपऱ्यांना ठिगळं लावली तर ६.४ मिलिमीटर वाढले. घडीच्या लाकडी कॅमेऱ्यात तेवढी जागा नसते. झाकण जोर लावून मिटलं की दाब ठिगळांवर येतो आणि ती सुटतात. फाटलंय तिथेच ठिगळ लावा, ‘पुढे फाटेल’ म्हणून शेजारच्या धड कोपऱ्याला नको.

१. ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी सहा ते आठ मिलिमीटर मोठं कापा. आकार पतंगासारखा, पण टोकं गोल. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो.

२. सुटलेले धागे कात्रीने कापा. जागा स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या काडीने पुसा, तेलकटपणा राहू नये. रंग निघतो असं आधी दिसलं असेल तर फक्त कोरड्या कापडाने पुसा.

३. बेलोज साधारण अर्धा उघडा ठेवा. पूर्ण ताणून चिकटवलेलं ठिगळ मिटताना सुरकुततं, मिटलेल्यावर चिकटवलेलं ताणताना उपटतं.

४. सोल्युशनचा पातळ थर ठिगळाला आणि बेलोजला, दोन्हींना लावा. खिडक्या उघड्या, आसपास गॅस किंवा उदबत्ती नको. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण पाच ते दहा मिनिटं. ओलं असताना चिकटवणं ही इथली नेहमीची चूक. आतला वायू अडकतो आणि फुगा येतो.

५. ठिगळाचा मध्य कोपऱ्याच्या टोकावर टेकवा आणि तिथून बाहेर दाबत जा. टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी एकदा कोरडं ठेवून पाहा.

६. गोंद ताजा असतानाच बोटांच्या चिमटीत घडीची धार पुन्हा उमटवा आणि बेलोज दोन-तीनदा हलकेच उघडमीट करा. मग अर्धा उघडा ठेवून चोवीस तास सोडा. सुकल्यावर ठिगळाच्या मागे आतून नुसता फॅब्रिक कलर पातळ करून द्या, टप्पा ५ मध्ये अस्तराला दिला तसा.

धारेवरून गेलेल्या लांब चिरेला दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी लावा. पट्टी धारेवर बसली पाहिजे, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लांबवर पसरता कामा नये. पसरली तर घडी उघडायला अडते.

तपासणी: ठिगळ सुकल्यावर टप्पा ३ पुन्हा, पूर्ण. मोठी भोकं बंद झाली की आधी न दिसलेली लहान दिसू लागतात.

टप्पा ७: फिल्मवर चाचणी

टॉर्चने पास झालेला बेलोज उन्हात नापास होऊ शकतो. लेन्स बंद, त्यावर पुठ्ठाही. फिल्म होल्डर (दोन्ही बाजूंना फिल्म धरणारी बंद चौकट) लावा, स्लाइड (फिल्मवरची झाकणपट्टी) काढा, आणि काम करता तेवढा बेलोज उघडा ठेवून कॅमेरा उन्हात तीन मिनिटं चारही बाजूंना फिरवा. स्लाइड घाला. दुसऱ्या बाजूची फिल्म स्लाइड न काढता तितकाच वेळ उन्हात ठेवा. दोन्ही डेव्हलप करा.

दोन्ही स्वच्छ असतील तर काम झालं. दुसऱ्या फिल्मच्या काठावर काळी रेघ आली तर होल्डर गळतोय, बेलोजला दोष देऊ नका. फक्त पहिलीवर पसरट डाग असेल तर बेलोज किंवा चौकट. फिल्म महाग वाटत असेल तर पहिली फेरी फोटो पेपरवर घ्या. तो फिल्मपेक्षा बराच मंद, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील असतो, त्यामुळे वेळ वाढवा आणि शेवटचा निकाल फिल्मवरच लावा.

टप्पा ८: चामडं मऊ करणं आणि पावसाळ्यातली ठेव

आता, आणि फक्त चामड्याला, रंगहीन लेदर कंडिशनर. वाटाण्याएवढा घेऊन कापडाला चोळा आणि ते कापड बेलोजवर फिरवा. थेट चामड्यावर ओतू नका. ठिगळांच्या कडा टाळा. एक दिवस उघडा ठेवून कोरड्या कापडाने पुसा. खोबरेल तेल नको: ते खवट होतं, गोंद सैल करतं आणि बुरशीला खाद्य देतं. बुटाचं पॉलिश हाताला, कपड्याला लागत राहतं आणि पुढच्या दुरुस्तीत गोंद धरू देत नाही.

पावसाळ्यात कॅमेरा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथून ओल येते. पत्र्याखालचा माळाही नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात स्वस्तातला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) आणि सिलिका जेल घ्या. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा. त्याखाली चामडं वाळतं, ६५ च्या वर बुरशी डोकं वर काढते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. महिन्यातून एकदा, उघडीप असलेल्या दिवशी, बेलोज पूर्ण उघडून अर्धा तास हवेवर ठेवा.

दुरुस्ती कधी सोडायची

एकतृतीयांशाहून अधिक कोपरे गळत असतील, चामडं चिमटीत तुटत असेल किंवा भुकटी होत असेल, रेक्झिनचा वरचा थर पापुद्र्यांनी निघत असेल, तर ठिगळांचा हिशेब सोडा आणि नवा बेलोज करून घ्या. तोवर कॅमेरा बेलोजवर दुहेरी काळं कापड पांघरून वापरता येतो.

नवा करवताना ही मापं द्या: पुढच्या आणि मागच्या टोकाची बाहेरची आणि आतली लांबी-रुंदी, घड्यांची संख्या, मिटल्यावरची जाडी, कॅमेरा पूर्ण ताणल्यावर दोन चौकटींमधलं अंतर, आणि पहिली घडी आत वळते की बाहेर. अंतर बेलोजवरून मोजू नका, चौकटींवरून मोजा. जुना बेलोज आखडलेला असतो. तो सुटा केल्यावर फेकू नका. एका कोपऱ्यावर कापून सपाट केला की पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यामधली फट त्यावरून जशीच्या तशी उतरवता येते.